कालपर्यंत तर चांगल्या होत्या

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाचं काही बिनसलं की डॉक्टरांच्या आधी मला फोन येतो. सरकारी दवाखान्यात मेडिसिनच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सारी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी गल्लीसाठी मी अजून सिस्टरच आहे. आमच्या मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, विजापूर-बेळगावकडची माणसं इथे उपचाराला येतात. तरी दवाखान्यात न्यायचं की नाही हे घरात बसूनच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना माणसं घोटाळतात. फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "कालपर्यंत तर चांगल्या होत्या हो." त्यामागोमाग, जरा हळू आवाजात, "वय झालंय म्हणा आता."

पहिलं वाक्य ऐकलं की मी चप्पल घालते. दुसऱ्या वाक्याने घात होतो. वय वर्षावर्षाने होतं, रात्रीत होत नाही. काल स्वतः उठून तोंड धुणारं माणूस आज पलंगावर बसून पाय खाली सोडायचं विसरत असेल, तर त्याला काहीतरी झालं आहे. त्या काहीतरीला कारण असतं. पुष्कळदा ते कारण शोधलं तर सापडतं, आणि सापडलं तर बरं करता येतं. हे मी वॉर्डात पाहिलं आणि माझ्या घरातही पाहिलं.

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. आत्यांचा दिवस वातींनी सुरू होतो. चहा झाला की देवघरासमोरच्या पाटाशेजारी खुर्ची घेऊन बसतात, मांडीवर जुनं सुती फडकं, फडक्यावर पिंजलेला कापूस, बाजूला वाटीत दुधाचे दोन थेंब. कापसाची चिमूट ओढायची, बोटाला दूध लावायचं, डाव्या तळव्यावर उजव्या तळव्याने एकदा पुढे सारायची, झाली वात. बघत नाहीत त्या. नजर समोर, तोंडात काहीतरी पुटपुटणं, आणि हात आपले चालू. लक्षवातींचं त्यांचं व्रत कधीच पूर्ण झालं, पण सवय राहिली. गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांच्या वाती जातात.

गेल्या वर्षी वैशाखात एका सकाळी त्यांच्या मुठीत कापूस तसाच होता. चिमूट निघाली नव्हती. दुधात बोट बुडवलेलं, ते वाटीतच राहिलेलं. मी हाक मारली तर वर बघितलं, हसल्या, आणि मला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती बहीण जाऊन कैक वर्षं झाली. ताप नव्हता. तोंड वाकडं नव्हतं, दोन्ही हात सारखे उचलले, बोलणं जडही नव्हतं. म्हणजे पक्षाघात वाटत नव्हता. पण हात वाती विसरले होते.

घरात पाहुणे होते. त्यांच्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "एवढ्या उन्हात असं होतंच, झोपू दे त्यांना." यांनीही आधी तेच म्हटलं, आईला त्रास नको म्हणून. मी ऐकलं नाही. रक्त तपासलं. सोडियम ११८ आलं.

सोडियम म्हणजे रक्तातलं मीठ. ते १३५ ते १४५ च्या मध्ये असावं लागतं. ते खाली गेलं की पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटीत फुगायला जागा नसते. सुरुवातीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, चालताना झोक जाणं. मग विसंगत बोलणं, गुंगी, आणि फारच खाली गेलं तर झटके. म्हाताऱ्या माणसांत, त्यातून बायकांत, हे इतकं दिसतं की आमच्या वॉर्डात उन्हाळ्यात "सोडियमचे पेशंट" असा शब्दच होता.

आत्यांच्या बाबतीत चार गोष्टी एकत्र आल्या होत्या. काही आठवड्यांपूर्वी बीपीची गोळी बदलली होती. नव्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं औषध. चांगलं औषध आहे, बीपीला उत्तम काम करतं, पण या जातीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या बायकांचं सोडियम उतरतं, आणि ते बहुतेक सुरुवातीच्या काही आठवड्यांतच उतरतं. त्यात कुणीतरी त्यांना मीठ कमी खायला सांगितलं होतं, त्यांनी ते बंदच केलं होतं. भाताची पेज अळणी, भाजी अळणी. त्यात दोन दिवस जुलाब. आणि ऊन फार म्हणून आम्ही सगळे त्यांच्या मागे, "आत्या पाणी प्या, आत्या पाणी प्या." मीठ बाहेर चाललेलं, आत येत नव्हतं, आणि वरून नुसतं पाणी.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. सोडियम कमी आहे असं कळलं की घरची माणसं ग्लासभर मिठाचं पाणी करून पाजायला धावतात. तसं करू नका. ११८ सोडियम आणि भ्रमिष्ट झालेलं माणूस हे दवाखान्याचं काम आहे. ते वर आणायचं ते हळूहळू, चोवीस तासांत ८ ते १० आकड्यांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. फार भराभर वाढवलं तर मेंदूतल्या नसांच्या आवरणाला इजा होते आणि ती कायमची राहू शकते. म्हणून तिथे जास्त तीव्रतेचं सलाईन पंपावर मोजून देतात आणि काही तासांनी पुन्हापुन्हा रक्त घेतात. आमचे पाहुणे बाहेर बाकावर बसून विचारत होते, "एवढं साधं मीठ चढवायला इतका वेळ का?" म्हणून कारण लिहिलं. तसंच बीपीची गोळीही कुणी मनाने बंद करायची नाही. लघवीची गोळी असलेलं औषध नव्याने सुरू झालं असेल तर डॉक्टरांना एवढंच विचारायचं, "सोडियम कधी तपासून घेऊ?" हा प्रश्न विचारायला सिस्टर असावं लागत नाही.

दवाखान्यातल्या पहिल्या दोन रात्री कठीण होत्या. संध्याकाळ झाली की आत्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायची. "पुसून घे गं, देवाकडे चालल्यात." सलाईनची नळी ओढायच्या. सकाळी शांत, दुपारी गुंगीत, दिवेलागणीला पुन्हा तेच. जुनी माणसं याला वात झाला म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्याची खूणच ही, काही तासांत किंवा एकदोन दिवसांत सुरू होतो आणि दिवसभर वरखाली होत राहतो. स्मृतिभ्रंशाचा आजार, ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो. ज्याला तो आधीपासून आहे त्याला डिलिरियम लवकर होतो, हे मात्र खरं. म्हणून आधीच विसरभोळं असलेलं माणूस अचानक जास्त बिघडलं तर "त्यांचं तसंच आहे" म्हणून सोडून द्यायचं नाही.

अशा वेळी माणसाला वाद घालून भानावर आणता येत नाही. मुंग्या नाहीत हे पटवायला गेलं की ते घाबरतं. मी म्हणायची, "पुसल्या आत्या, आता झोपा." घरून तीन गोष्टी मागवल्या, चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र. ॲडमिट करताना हरवू नयेत म्हणून माणसं हे सगळं काढून घरी पाठवतात. मग म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, अनोळखी खोलीत चेहरे पुसट. कुणीही भ्रमिष्ट होईल. दिवसा पडदा उघडा ठेवला, रात्री मंद दिवा. कालनिर्णय भिंतीला लावलं आणि रोज सकाळी तिथी वाचून दाखवली, कारण आत्यांना तारखेपेक्षा तिथी लवकर लागते. पाळीपाळीने ओळखीचं एक माणूस जवळ बसलं. चार नातेवाईक एकदम आले की त्यांचा गोंधळ वाढायचा, म्हणून मी दारातच अडवलं. काहींना राग आला, येऊ दे.

हात बांधणं आणि झोपेचं इंजेक्शन हे शेवटचे उपाय, आणि तेही डॉक्टरांनी पाहून ठरवायचे. घरात तर झोपेची गोळी आपल्या मनाने कधीच द्यायची नाही. "माझी अल्प्राझोलम आहे, अर्धी देते" असं सांगणाऱ्या शेजारणी प्रत्येक गल्लीत आहेत. त्या गोळीने गोंधळ वाढतो, माणूस रात्री उठलं की पडतं, आणि मांडीचा खुबा मोडला की पुढचं सगळं बदलतं.

सोडियम १३० च्या वर गेलं तरी आत्या लगेच पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. कारण दुरुस्त झाल्यावरही डोकं ताळ्यावर यायला दिवस लागतात, कधी आठवडे. या काळात घरची माणसं धीर सोडतात.

सोडियम हे एकच कारण नव्हे. आमच्या मागच्या आळीत एक निवृत्त गुरुजी आहेत, अत्यंत मृदू माणूस. थंडीच्या दिवसांत त्यांच्या घरून निरोप आला की गुरुजी शिव्या देतायत, सुनेवर तांब्या फेकला. घरात दबक्या आवाजात बाहेरचं काही आहे का अशी कुजबुज सुरू झाली होती. मी जाऊन आधी पोट बघितलं. बेंबीच्या खाली टम्म फुगवटा, हात लावला की कळवळले. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या होत्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. त्याने नाक वाळतं, पण प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते आणि म्हाताऱ्या डोक्याला गुंगीही येते. सूनबाई सांगत होती, "लघवी होतेय की, सारखी थेंब थेंब कपड्यात होतेय." तेच तर लक्षण होतं. पोटातली लघवीची पिशवी गच्च भरली की वरचं वर ओघळतं आणि घरच्यांना वाटतं होतेय. दवाखान्यात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घातली, लिटराच्या वर लघवी आली. संध्याकाळी गुरुजी सुनेला विचारत होते, "तू जेवलीस का?"

तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न विचारते तो लघवी शेवटची कधी आणि किती झाली हा. दुसरा, संडास कधी झाली. चार-पाच दिवस संडास तुंबलेली असली तरी म्हातारं माणूस बरळतं, जेवत नाही, लघवीही अडते. लाजेपायी पुरुष मुलीला सांगत नाहीत, बायका मुलाला सांगत नाहीत. विचारायला हवं.

साखरेचंही तसंच. आषाढीला आमच्याकडे सगळ्या आजीबाई निर्जळी धरतात. ओळखीतल्या एका आजींनी उपवास केला पण सवयीने मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र घेतली. दुपारी घामाने डबडबलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. घरच्यांना वाटलं उपवासाचा थकवा. ग्लुकोमीटरवर ४२ आलं. ७० च्या खाली गेली की साखर कमीच समजायची. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. आणि या गोळीची खोड अशी की तिचा जोर बराच वेळ टिकतो, एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. काही तासांत ती पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या दिवशी दवाखान्यात दाखवायचंच. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, आत्यांनाही सांगत नाही. पण एकादशीच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं, त्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही. चातुर्मास सुरू होतो तेव्हाच विचारून वहीत लिहून ठेवलं की झालं.

आरडाओरडा करणाऱ्या पेशंटकडे सगळे धावतात. मला जास्त काळजी वाटते ती गप्प झालेल्या माणसाची. ओरडत नाही, नळी ओढत नाही, नुसतं पडून राहतं, विचारलं तर "हं" म्हणतं आणि डोळे मिटतं. घरचे म्हणतात, "दोन दिवस किती शांत झोपतायत." हाही डिलिरियमच असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. असे एक आजोबा न्यूमोनियाने गेलेले मी पाहिले आहेत, ताप शेवटपर्यंत आला नाही. म्हाताऱ्या शरीराला ताप चढवायचीही ताकद नसते कधीकधी. खोकलाही नसतो. अशा वेळी मोबाइलवर एक मिनिट लावायचं आणि छाती किती वेळा वर येते ते मोजायचं, पूर्ण मिनिटभर, त्यांना न सांगता. स्वस्थ पडलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला चोवीस-पंचवीसच्या वर चालला असेल तर थांबायचं नाही. बोटाचं ऑक्सिमीटर करोनापासून बहुतेक घरांत आहे, कपाटातून काढा, सेल बदला. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसांना हार्ट अटॅकही असाच येऊ शकतो, छातीत न दुखता, नुसता घाम, मळमळ, दम किंवा एकाएकी आलेला गोंधळ.

डोकं ताळ्यावर आहे का हे घरात तपासायची एक रीत आहे. दवाखान्यात विचारतात, वर्षाचे महिने उलटे म्हणा, डिसेंबर, नोव्हेंबर असे. आत्यांना इंग्रजी महिने सुलटेही नीट येत नाहीत, मग उलटे काय सांगणार? त्यांना मी चैत्राचे महिने विचारते. चांगल्या दिवशी त्या फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक करत एका दमात चैत्रापाशी येतात आणि वर मलाच म्हणतात, "अधिक धरू का?" त्या वैशाखातल्या सकाळी "फाल्गुन, माघ" म्हणाल्या, थांबल्या, आणि पुन्हा "चैत्र, वैशाख" असं सुलटं सुरू केलं. ज्यांना हेही येत नाही त्यांना वार उलटे विचारा. पण हे माणूस बरं असताना एकदा विचारून ठेवायला हवं. बरं असताना ज्यांना कार्तिकापुढे जाता येत नाही, ते आजारपणात अडखळले यात नवल काय?

परदेशातल्या मुलांसाठी थोडं. माझी नणंद शारजात असते, आईवर जीव आहे तिचा. आत्या आजारी असताना तिने दुपारी व्हिडिओ कॉल केला, आत्या टेकून बसल्या, जावयाची चौकशी केली, नातवाला आशीर्वाद दिला. नणंद मला म्हणाली, "वहिनी, आई तर छान बोलतेय." तिचं चुकलं नव्हतं. हा आजारच वरखाली होणारा, आणि लेकीचा चेहरा दिसला की म्हातारं माणूस असेल नसेल तेवढं बळ गोळा करून दहा मिनिटं सावरून बसतं. मी तिला संध्याकाळी सातला पुन्हा कॉल करायला सांगितलं. तेव्हा तिला मुंग्या दिसल्या. लांब राहणाऱ्यांनी वेळ बदलून कॉल करावा, आणि घरात असलेल्या माणसाचं, मग ती वहिनी असो वा पगारी मावशी, म्हणणं आधी ऐकावं.

मावशींबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. आत्या घरी आल्या तेव्हा त्यांना उठवत नव्हतं, आणि माझेही गुडघे आता पहिले राहिले नाहीत. ब्युरोतून एक मावशी मिळाल्या. हात हलका, बोलणं कमी. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, लिहायचा कंटाळा. मी त्यांना एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितलं, लिहू नका, खुणा करा. लघवीला गोल, संडासला फुली, जेवणाला ताटाचं चित्र आणि त्यात किती खाल्लं तेवढं रंगवायचं. पाण्याच्या पेल्याला उभी रेघ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी आपण होऊन एक नवी खूण काढली, डोळा. रात्री आत्या जितक्या वेळा जाग्या झाल्या तितके डोळे. एका पानावर गोल कमी आणि डोळे जास्त दिसले, मी लघवी तपासायला पाठवली, जंतुसंसर्ग निघाला. त्या पानाचं श्रेय पूर्ण मावशींचं. डॉक्टरांनी ती वही हातात घेऊन पानं उलटली, मावशींना दोन प्रश्न विचारले, आणि त्या दिवसापासून मावशींची मान वेगळीच ताठ.

चोवीस तासांची मावशी ठेवतात आणि ती दुपारी डुलकली की चिडतात, हे मला सहन होत नाही. रात्रभर जागलेल्या बाईला दुपारी सलग झोप मिळालीच पाहिजे, तेवढा वेळ घरातल्या कुणीतरी बसायचं. तिलाही ताट वाढून द्यायचं, उरलंसुरलं नाही. आठवड्याची सुट्टी द्यायची. दमलेल्या हातून म्हातारं माणूस निसटतं, एवढा तरी हिशोब करावा.

अंथरुणावरच्या माणसाची पाठ रोज बघायची. आत्यांच्या माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबायचं, दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे. आमच्या तरुणपणी वॉर्डात स्पिरिट लावून पावडरने पाठ चोळायचो, तीच शिकवण होती. आता ती पद्धत गेली. लाल जागा चोळायची नाही, आतली कातडी आणखी दुखावते. तिच्यावरचं वजन काढायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशीचा टेकू, गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि पोटरीखाली उशी अशी की टाच अधांतरी राहील. टाचेकडे कुणी बघत नाही आणि जखमा तिथेच होतात. एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायला नको असं समजू नका. आत्यांचा डाग त्याच आठवड्यात गेला.

जेवण भरवताना पाठ सरळ, पाय खाली, हनुवटी किंचित खाली. आडवं ठेवून वाटी तोंडाला लावायची नाही. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, पातळ पाणी गिळायला सगळ्यांत अवघड असतं.

पुढे आत्या उठायला लागल्या तेव्हा मी बीपी दोनदा बघायला लागले, आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एका मिनिटाने व तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर उभं राहताच अंधारी येते, आणि रात्री न्हाणीघरात पडतात ती माणसं बऱ्याचदा यातलीच असतात. पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उठायचं. आत्या त्या वेळात रामरक्षेचे चार श्लोक म्हणतात, मला घड्याळ लावावं लागत नाही.

सरकारी गोष्टींपैकी दोन घरात तयार ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या आणि त्यावरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. कुटुंबातल्या अशा सगळ्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंत, ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी. आधार कार्डावर होतं. आजारपणात धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढा, आणि आपल्या गावातला कुठला दवाखाना त्यात आहे ते विचारून ठेवा. आणि एल्डरलाइनचा १४५६७ हा नंबर, ज्येष्ठांसाठीचा, फुकट. ॲम्ब्युलन्स लागली तर १०८.

आणि फोन करताना, मला असो वा डॉक्टरांना, "बरं नाहीये" एवढ्यावर थांबू नका. नेमकं कधीपासून बदललं ते सांगा, काल रात्री जेवताना ठीक होत्या का, आज सकाळी उठल्या तेव्हा कशा होत्या. रोज करतात त्यातलं आज काय केलं नाही. लघवी, संडास. काल काय पोटात गेलं. गेल्या महिन्यात कुठली गोळी नवी आली, कुठली संपली आणि आणली नाही, दुकानातून काय आणलं, कुणी आयुर्वेदिक म्हणून काय दिलं. पडल्या होत्या का, अगदी आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी हलकंसं डोकं आपटलं असेल तरी सांगा, कारण रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साठू शकतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या, नुसती चिठ्ठी नको. पिशवीत चष्मा आणि कवळीची डबी ठेवा. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं जड झालं तर मला फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात जा, आणि शेवटचं ठीक कधी दिसल्या ती वेळ तिथे सांगा. त्या वेळेवर पुढचं औषध ठरतं.